झाडांच्या पाट्यांवर कुल कोणतं लिहायचं? वही एक सांगते, मोबाईल दुसरंच

जमाखर्च (सांगली)

नमस्कार. मी कॉमर्सची. सगळी नोकरी बँकेच्या काउंटरवर गेली, वनस्पतिशास्त्राशी संबंध म्हणजे कुंड्यांना पाणी घालण्यापुरता. तरी विचारतेय, कारण पेंटर सोमवारी येणार आहे आणि तो अक्षरावर पैसे घेतो.

आमच्या कॉलनीच्या मागे, कृष्णेच्या अंगाला, मोकळी जागा आहे. तिथली झाडं शेजारच्या सरांनी लावलेली. हायस्कूलला जीवशास्त्र शिकवायचे. प्रत्येक झाडापुढे पत्र्याची पाटी: वर मराठी नाव, मधे शास्त्रीय नाव, खाली कुल, म्हणजे झाडाचं शास्त्रातलं घराणं. २०१९ च्या पुरात ती जागा पाण्याखाली गेली. झाडं तगली. पाट्यांवर गाळाचा थर बसला, रंगाचे पापुद्रे निघाले, काही पाट्या कुठे गेल्या ते कृष्णामाईलाच ठाऊक. आता सर नाहीत. काकूंनी त्यांची वही माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "यावरून परत करून घे."

वही नीट आहे, अक्षर मोत्यासारखं. मीच अतिशहाणपणा केला आणि प्रत्येक नाव मोबाईलवर ताडून बघायला घेतलं. वहीत सागवानाचं कुल व्हर्बिनेसी, मोबाईल म्हणतो लॅमिएसी. रुईचं ॲस्क्लेपिएडेसी, मोबाईलवर ॲपोसायनेसी. काटेसावर बॉम्बॅकेसी, तिथे माल्व्हेसी. आवळा यूफोर्बिएसी, तिथे फायलँथेसी. नारळ पामी, तिथे ॲरेकेसी. बांबू ग्रॅमिनी, तिथे पोएसी. चिंच, आपटा, बाभूळ, पांगारा या सगळ्यांना सरांनी लेग्युमिनोजी लिहिलंय, मोबाईलवर सगळी फॅबेसी. आंबा, कडुनिंब, बेल, जांभूळ मात्र दोन्हीकडे तंतोतंत जुळतात.

अर्धी यादी जुळते आणि अर्धी जुळत नाही, म्हणजे हे सरसकट चुकीचं नाही, काहीतरी पद्धत आहे एवढं मला कळतं. पद्धत काय ते कळत नाही. नवीन नावं लिहायला माझी हरकत नाही. फक्त काकूंना "सरांचं चुकलं होतं" असं वाटता कामा नये, आणि ते खरं असेल तरच मला सांगा.

फुकटसल्ला (पुणे)

मोबाईलवर आहे ते लिहा, विषय संपला. पाटीवरचं कुल कोण वाचतं? लोक मराठी नाव वाचून फोटो काढतात आणि पुढे जातात.

कारवी (सातारा)

कोण वाचतं म्हणता? मी वाचतो. कुठल्याही बागेत गेलो की आधी पाटीची खालची ओळ वाचतो आणि मग बायको म्हणते, चला आता. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालोय, सवय जात नाही.

ताई, तुमच्या यादीत दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत, म्हणून ताळमेळ बसत नाही. तुमच्याच भाषेत सांगतो. काही ठिकाणी नुसतं खात्याचं नाव बदललंय, आतली रक्कम तीच आहे. काही ठिकाणी रक्कमच उचलून दुसऱ्या खात्यात टाकली आहे. पहिल्या प्रकारात सरांचं आणि मोबाईलचं दोन्ही बरोबर. दुसऱ्या प्रकारात मधल्या काळात शास्त्राचं मत बदललं.

पहिला प्रकार आधी उरकतो. कुलाच्या नावाचा नियम असा की त्यातली एक प्रजाती प्रमाण धरायची आणि तिच्या नावाला "एसी" हा शेपूट लावायचा. ॲस्टरवरून ॲस्टरेसी, ब्रॅसिका म्हणजे मोहरीवरून ब्रॅसिकेसी, अरेका म्हणजे सुपारीवरून ॲरेकेसी. पण फ्रान्सच्या जुस्यूने १७८९ मध्ये नैसर्गिक कुलांची मांडणी केली तेव्हा हा नियम नव्हता. त्याने आणि त्याच्या काळातल्या मंडळींनी दिसेल त्या लक्षणावरून नावं दिली. फुलात चार पाकळ्यांचा क्रूस दिसला, क्रुसिफेरी. छत्रीसारखा फुलोरा, अंबेलिफेरी. ओठासारखी फुलं, लॅबिएटी. शेंगा, लेग्युमिनोजी. ही नावं इतकी रुळली होती की नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेने आठ कुलांना सूट दिली (पॅपिलिओनेसी वेगळं मोजलं तर नऊ): कंपॉझिटी किंवा ॲस्टरेसी, क्रुसिफेरी किंवा ब्रॅसिकेसी, ग्रॅमिनी किंवा पोएसी, गटिफेरी किंवा क्लुसिएसी, लॅबिएटी किंवा लॅमिएसी, लेग्युमिनोजी किंवा फॅबेसी, पामी किंवा ॲरेकेसी, अंबेलिफेरी किंवा एपिएसी. जोडीतलं कुठलंही लिहा, आजही दोन्ही वैध आहेत.

म्हणजे तुमचा नारळ, बांबू आणि शेंगांची सगळी झाडं, इथे सरांच्या वहीला हातही लावू नका. "पामी" दोन अक्षरांत भागतं, पेंटरचे पैसे वाचतील.

आणि ज्यांना आपण "नवी" नावं म्हणतो ती काय काल-परवाची आहेत? फॅबेसी आणि एपिएसी १८३६ ची, पोएसी १८९५ चं. आमच्या विद्यार्थ्यांना वाटायचं की सरकारने मागच्या वर्षी जीआर काढून बदलली.

आता दुसरा प्रकार, खरा रंजक. इथे मी जरा लांबण लावणार आहे, घाई असेल त्यांनी पुढच्या प्रतिसादाकडे जावं.

१९९३ मध्ये हिरव्या वनस्पतींच्या हरितलवकातल्या एकाच जनुकाची सुमारे ५०० बीजधारी वनस्पतींमध्ये तुलना करून त्यांची वंशावळ मांडली गेली. त्यानंतर वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासकांनी मिळून १९९८ मध्ये फुलझाडांचं नवं वर्गीकरण जाहीर केलं. त्याला एपीजी म्हणतात. २००३, २००९ आणि २०१६ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या. तत्त्व साधं आहे: एका पूर्वजाची सगळी पिलावळ एका कुलात यायला हवी, त्यातली निवडक मंडळी वेगळी काढून चालणार नाही.

रुई घ्या. रुईचं कुल वेगळं का मानलं होतं? तिचे परागकण सुटे नसतात, मेणचट गोळीसारखे बांधलेले असतात, आणि ती गोळी किडा पायाला लावून उचलून नेतो. कण्हेर, तगर, सदाफुलीत तसं नसतं. या फरकावरून रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१० मध्ये रुईची मंडळी वेगळी काढली. त्याआधी जुस्यूच्या मांडणीत ती कण्हेरीबरोबरच होती. डीएनए बघितल्यावर कळलं की रुईचा गट कण्हेरीच्या गटाच्या पोटातूनच निघालाय. मग तो परत आत. मारुतीला वाहतो ती रुई, कासच्या पठारावर बघायला लोक लांबून येतात ती कंदीलपुष्पं, उपळसरी, सगळी आता ॲपोसायनेसी. पान तोडल्यावर दोन्हीकडे चीक येतो, शेंगा बऱ्याचदा जोडीने येतात. गावाकडच्या माणसाला हे नातं पटवायला डीएनए लागत नाही.

काटेसावरीचंही तसंच. बेंथॅम आणि हूकर या जोडीने १८६२ ते १८८३ मध्ये जे वर्गीकरण छापलं, आणि ज्यावर आपल्याकडची बहुतेक पाठ्यपुस्तकं उभी आहेत, त्यात सावर जास्वंद-भेंडी-कापसाच्या कुलातच होती. नंतरच्यांनी तिला बॉम्बॅकेसी म्हणून वेगळं केलं. आता ती परत माल्व्हेसीत आली आणि येताना गोरखचिंच घेऊन आली. मुरुडशेंग आणि फालसा हेही आपापली जुनी कुलं सोडून तिथेच आलेत. म्हणजे मोबाईलवरचं "नवं" हे सरांच्या "जुन्या"हून जुनं निघालं की नाही?

सागवान मात्र खऱ्या अर्थाने नवं. व्हर्बिनेसी आणि लॅबिएटी यांच्यातली जुनी सीमा बीजकोशावर, म्हणजे फुलातल्या बिया धरणाऱ्या भागावर होती. तुळशीच्या फुलात बीजकोशाचे चार खोल खंड पडलेले असतात आणि कुक्षीची (पराग झेलणाऱ्या टोकाची) काडी त्यांच्या मधून, तळातून वर येते. सागवानात ती डोक्यावरून निघते. म्हणून सागवान तिकडे, तुळस इकडे. पण तळातून निघणारी काडी हे नंतर आलेलं लक्षण ठरलं, आणि ते नाही एवढ्यावरून कुणी परका ठरत नाही. आता फुलोरा कसा फुलतो ते बघतात. घाणेरीसारखा शेंडा वाढत राहून खालून वर फुलत जाणारा फुलोरा असेल तर व्हर्बिनेसी. मधलं फूल आधी उमलून बाजूला फांद्या फुटत जाणारा असेल तर लॅमिएसी. त्यामुळे सागवान, शिवण, निर्गुडी आणि भारंग तुळशीच्या घरी गेले, आणि व्हर्बिनेसीत राहिलेल्यांत आपल्या ओळखीची कोण, तर घाणेरी. सागवानासारखं झाड सोडून घाणेरी उरावी, हे मला अजून पचलेलं नाही.

आवळ्याचं घरी तपासता येईल. एरंडाचं बोंड फोडा, तीन कप्पे, प्रत्येकात एक बी. आवळ्याची आठळी फोडा (अडकित्ता घ्या, विळीवर करू नका), तीन कप्पे, प्रत्येकात दोन. शिवाय आवळ्याला एरंडाच्या भाऊबंदांसारखा चीक नाही. या फरकांना डीएनएची साथ मिळाली आणि आवळा, भुईआवळा यांचं फायलँथेसी वेगळं झालं.

सरांनी लिहिलेलं तेव्हा बरोबरच होतं, आणि अर्ध्या यादीत आजही आहे. काकूंना बिनधास्त सांगा.

शाळू_द्राक्ष (तासगाव)

कारवी सर, मी शेतकरी माणूस, कृषी पदविका करून रानात उतरलो. आमच्या द्राक्षाचं कुल व्हायटेसी, ते शिकलो तेव्हापासून हललेलं नाही, एवढं बरं आहे.

कुलाचा उपयोग नाही असं वर पुण्याच्या साहेबांनी लिहिलंय. वांग्याच्या रानात लगेच टोमॅटो, टोमॅटोमागनं मिरची लावून बघा म्हणावं. एका कुलातली पिकं एकामागनं एक घेतली की मर रोग मुक्कामालाच राहतो. आम्हाला कुल पाठ करावं लागतं ते परीक्षेसाठी नाही.

माझा प्रश्न टारफुल्याचा. आमच्याकडं पूर्व भागात शाळवात टारफुला येतो, उसातही दिसतो. बारीक रोप, फूल दिसायला गोड, पण मुळी ज्वारीच्या मुळीला चिकटलेली. वडील म्हणायचे, फुलायच्या आत उपटा, एकदा बी सांडलं की नातवंडांना पुरतं. निपाणीकडच्या पाहुण्यांच्या तंबाखूत बंबाखू येतो, त्याला हिरवं पानसुद्धा नसतं, नुसता कोंब. मला पदविकेला टारफुल्याचं कुल स्क्रोफ्युलॅरिएसी शिकवलं आणि बंबाखूचं ओरोबँकेसी. आता बघतो तर दोन्ही ओरोबँकेसी. हेही तसंच काही?

कारवी (सातारा)

तसंच, आणि माझ्या मते या सगळ्या उलथापालथीतला सर्वांत पटणारा बदल. स्क्रोफ्युलॅरिएसी म्हणजे ज्याचं कुठे जमत नाही त्याला आत घ्या, असं कुल होऊन बसलं होतं. डीएनए आल्यावर ते फुटलं. ब्राह्मीसारख्या बऱ्याच वनस्पती इसबगोलाच्या कुलात, प्लँटॅजिनेसीत गेल्या. आणि त्यातल्या दुसऱ्याच्या मुळावर जगणाऱ्या जवळजवळ साऱ्या एकत्र आल्या, त्या ओरोबँकेसीत. टारफुल्याला स्वतःची हिरवी पानं आहेत म्हणून तो अर्धा परोपजीवी, बंबाखू पूर्ण. जुन्या लोकांनी हिरव्या पानावरून दोन कुलं केली. मूळ एकच निघालं.

तुमच्या वडिलांचं बरोबर होतं. टारफुल्याचं बी धुळीसारखं बारीक, जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि जवळपास योग्य मुळीचा स्राव आल्याशिवाय उगवत नाही. स्रावातलं, बी उगवायला लावणारं रसायन १९६६ मध्ये वेगळं करण्यात आलं, तेही कापसाच्या मुळांच्या स्रावातून. गंमत अशी की कापसावर टारफुला जगू शकत नाही. बी फसून उगवतं आणि मरतं. म्हणून फेरपालटात कापूस किंवा भुईमूग घेतला तर रानातलं बी कमी होत जातं.

अभ्यासिका_कराड (कराड)

सर, मध्येच विचारते, माफ करा. आमच्या अकरावीच्या पुस्तकात लिलिएसी कुलाला कांद्याचं चित्र होतं. क्लासचे सर म्हणाले ॲमरिलिडेसी लिही. नेटवर एके ठिकाणी ॲलिएसी आहे. परीक्षेत तिन्हीपैकी काय लिहू?

कारवी (सातारा)

परीक्षेत तुझ्या अभ्यासक्रमात जे छापलंय ते लिही, बाळ. परीक्षक उत्तरपत्रिका तपासतो, वंशावळ नाही.

पण समजून घ्यायचं असेल तर घे. लिलिएसी आणि ॲमरिलिडेसी यांच्यातली जुनी रेषा बीजकोश पाकळ्यांच्या वर आहे की खाली यावर होती. कांद्याचा वर, म्हणून लिलिएसी. हचिन्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये म्हटलं, बीजकोश सोडा, फुलोरा बघा. कांद्याच्या गोंड्यात सगळी फुलं दांड्याच्या एकाच टोकावरून निघतात, तशी निशिगंधाच्या दांड्यावर निघत नाहीत, पण नागदवण्यात निघतात. त्याने कांदा ॲमरिलिडेसीत टाकला. मधे काही जणांनी लसूण-कांद्याचं वेगळं ॲलिएसी केलं. २००९ च्या एपीजीने ते पुन्हा ॲमरिलिडेसीत मिसळलं. तुझे क्लासचे सर बरोबर आहेत, पुस्तक जुनं आहे आणि नेटवरचं पान मधल्या काळातलं आहे.

जमाखर्च (सांगली)

कारवी सर, फार आभार. तुमचा प्रतिसाद छापून काकूंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला आणि "यांना चहाला बोलाव" एवढंच म्हणाल्या. आवळ्याची आठळीही फोडली. खरंच सहा बिया. अडकित्ता होता म्हणून बोट वाचलं.

दोन शंका उरल्या. वहीच्या शेवटी कोरफड आणि शतावरी दोन्हींना लिलिएसी आहे. वरचं वाचून वाटतं यांचाही मुक्काम हलला असणार. आणि शेंगांच्या झाडांचं सरांनी लेग्युमिनोजीच्या खाली बारीक अक्षरात दुसरी ओळ लिहिली आहे: पांगाऱ्याला पॅपिलिओनेसी, चिंच आणि आपट्याला सीसाल्पिनिएसी, बाभळीला मिमोजेसी. ती दुसरी ओळ घ्यायची का?

कारवी (सातारा)

चहाला नक्की येईन, सांगलीला भडंगासाठी तसंही यायचं असतं.

कोरफड आता ॲस्फोडेलेसी, शतावरी ॲस्परॅगेसी. लिलिएसी खूप आटलंय, त्यातली आपल्या ओळखीची बहुतेक मंडळी बाहेर पडली आहेत.

शेंगांची दुसरी ओळ काढून टाका. ती तीन कधी स्वतंत्र कुलं मानली गेली, कधी एकाच कुलाची उपकुलं. २०१७ मध्ये शिंबावंत म्हणजे शेंगांच्या वनस्पतींच्या अभ्यासकांनी मिळून तीनऐवजी सहा उपकुलं केली. त्यात मिमोजेसीची बाभूळ, लाजाळू, शिरीष ही मंडळी गुलमोहर आणि बहाव्याच्या उपकुलात विरघळली. उलट चिंच आणि आपटा, जे सरांच्या वहीत एका ओळीत आहेत, ते वेगवेगळ्या उपकुलांत गेले. आपट्याच्या सोबत कांचन आहे, पान बघितलं की कळतंच. हे सगळं पाटीवर लिहायला गेलात तर झाडापेक्षा पाटी मोठी होईल. नुसतं लेग्युमिनोजी ठेवा.

जिथे झाड खरंच हललंय तिथे, म्हणजे सागवान, निर्गुडी, रुई, सावर, आवळा, कोरफड, शतावरी, असं लिहा: "कुल: लॅमिएसी (पूर्वी व्हर्बिनेसी)". त्यात सरांचं नावही राहतं आणि आजचंही येतं. बाकी पाट्या वहीबरहुकूम.

फुकटसल्ला (पुणे)

कारवी सर, पटलं. कंस म्हणजे अक्षरं वाढली पण. पेंटर कंसाचे पैसे घेतो का?

जमाखर्च (सांगली)

विचारलं. कंसाचे नाही घेत. जोडाक्षर एक धरतो की दोन यावर मात्र घासाघीस चालू आहे, आणि "ॲस्क्लेपिएडेसी" बघून तो काही वेळ गप्पच बसला. यादी पक्की करून आज त्याला व्हॉट्सॲपवर पाठवते.

कारवी (सातारा)

थांबा. बाभळीचं शास्त्रीय नाव वहीत काय आहे? अकेशिया निलोटिका असेल तर ते नावही बदललंय. अकेशियाची मोठी प्रजाती फोडायची वेळ आली तेव्हा मूळ नाव कुणी ठेवायचं यावर भांडण झालं. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ते ऑस्ट्रेलियातल्या झाडांना गेलं, २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. आपली बाभूळ आता व्हॅचेलिया निलोटिका आणि खैर सेनेगालिया कॅटेचू. म्हणजे मधली ओळही बघावी लागेल. यादी पाठवायच्या आधी मला दाखवा.